मात्सुमोतोचा काळा किल्ला आणि त्याला पडू न देणारी माणसं

आडवाट

जपानमधला किल्ला म्हटलं की सगळे हिमेजीचं नाव घेतात. घ्यावंच, तो आहेच तसा. पण मी दोन्ही पाहिलेत, आणि कोणी विचारलं की एकच बघायचा असेल तर कुठला, तर मी मात्सुमोतो सांगतो. का ते सांगायला हा धागा. ज्यांनी पाहिलाय त्यांनी भर घाला, माझं कुठे चुकलं तर सांगा.

आधी जागा. नागानो प्रांत, भोवती डोंगर आणि मधे सपाट खोरं, उंची समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर. टोकियोत शिंजुकुला आझुसा गाडीत बसायचं, अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतो. स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं. आपल्याला किल्ला म्हणजे घाम काढत वर चढायची सवय, हा मात्र भुईकोट. घरं, दुकानं, सायकलवरून शाळेत जाणारी पोरं यांच्यातून चालत राहायचं आणि एका वळणावर एकदम पाणी समोर येतं, आणि पाण्याच्या पलीकडे तो उभा. काळा कुळकुळीत, वर पांढरे पट्टे, मागे उत्तर आल्प्सची बर्फाची रांग. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वारा नव्हता, अख्खा मनोरा उलटा खंदकात पडला होता. तिकीट काढायच्या आधी मी अर्धा तास तिथेच बसून होतो.

जागा जुनी आहे. १५०४ च्या सुमारास ओगासावारा घराण्याच्या काळात इथे फुकाशी नावाची गढी झाली. १५५० मधे ताकेदा शिंगेन या सरदाराने ती घेतली, शिनानो प्रांतावर (आजच्या नागानोचं जुनं नाव) वचक ठेवायला त्याला हे ठाणं हवंच होतं. १५८२ मधे ताकेदांचा पाडाव झाला आणि त्या गडबडीत ओगासावारा सादायोशीने वाडवडिलांची जागा परत मिळवली, आणि नाव बदलून मात्सुमोतो ठेवलं. पण आज दिसतो तो मनोरा त्याचा नाही, तो इशिकावा बापलेकांचा. इशिकावा काझुमासा हा तोकुगावा इएयासुच्या (पुढे शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सर्वेसर्वा झालेला सरदार) अगदी लहानपणापासून त्याच्याबरोबर असलेला माणूस, आणि १५८५ मधे एके दिवशी तो इएयासुला सोडून थेट हिदेयोशीला, तेव्हाच्या जपानमधल्या सगळ्यात बलाढ्य सत्ताधीशाला, जाऊन मिळाला. का, यावर तिकडे आजही वाद घालतात. १५९० मधे हिदेयोशीने इएयासुला पूर्वेला कांतोत पाठवलं आणि मात्सुमोतो काझुमासाला दिलं. काम बापाने सुरू केलं, पण तो लवकरच गेला आणि मुख्य मनोरा मुलाने, यासुनागाने, १५९३-९४ च्या आसपास उभा केला असं मानतात.

म्हणजे विचार करा, समोरचं लाकूड सव्वाचारशे वर्षांचं. सिमेंटची नक्कल नाही. जपानमधे किल्ले म्हणून जे उंच मनोरे दाखवतात त्यातले बरेचसे विसाव्या शतकात काँक्रीटमधे नव्याने बांधलेत, ओसाका आणि नागोया त्यातलेच. मूळ मनोरा शाबूत असलेले किल्ले देशभरात फक्त १२ उरलेत, आणि त्यातल्या पाचांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे: हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुए आणि हा.

सह्यमेघ

मस्त धागा. वाचून तिकीट काढावंसं वाटलं. दोन प्रश्न. एक, काळा का? हिमेजी तर पांढराशुभ्र आहे. दोन, भुईकोट असून बचाव कसा करायचे? डोंगराची उंची नाही, कडा नाही.

आडवाट

काळ्याचं सांगतो. प्रत्येक मजल्याची भिंत वरच्या भागात चुन्याने पांढरी आणि खालच्या भागात लाकडी फळ्या, त्या फळ्यांवर उरुशी म्हणजे झाडाच्या चिकाची काळी लाख. पाऊस-बर्फाचा मारा खालच्या भागाला जास्त, म्हणून तिथे फळ्या. शिवाय असंही सांगतात की हिदेयोशीचा ओसाकाचा किल्ला काळा होता म्हणून त्याच्या माणसांनी आपले किल्ले काळे केले, आणि नंतर इएयासुच्या राज्यात पांढऱ्याची चलती आली. पुष्कळ ठिकाणी याला कावळ्याचा किल्ला म्हणतात पण किल्ल्याच्या अधिकृत माहितीप्रमाणे जुन्या कुठल्याही कागदात हे नाव सापडत नाही, जुनं नाव फुकाशीच.

बचावाचं म्हणशील तर इथे उंचीचं काम पाणी करतं. तीन खंदक, एकात एक. आतला खंदक मनोऱ्याजवळ साधारण ६० मीटर रुंद आहे आणि तो आकडा उगाच नाही, तोडेदार बंदुकीची गोळी नेम धरून जिथपर्यंत लागते तेवढं ते अंतर. म्हणजे पलीकडून येणारा पाण्यात असतानाच टप्प्यात. मनोऱ्यात बाणांसाठी आणि बंदुकांसाठी मिळून ११५ जंग्या आहेत, बाणाची उभी लांबट आणि बंदुकीची चौकोनी, आतून बघितलं की लगेच ओळखू येतात. खालच्या मजल्यांच्या भिंती जवळजवळ २९ सेंटीमीटर जाड, त्याही बंदुकीचाच विचार करून. आणि तटाला चिकटून कोणी वर चढायला लागला तर त्याच्या डोक्यावर दगड टाकायला ११ झडपा. त्यातल्या एकीतून मी खाली वाकून पाहिलं, सरळ दगडी जोत्याचा उतार आणि त्याखाली पाणी दिसतं.

मांडवी

तोडेदार बंदुकीचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी पणजीचा. मात्सुमोतोच्या दुसऱ्या मजल्यावर बंदुकांचं प्रदर्शन आहे, तिथल्याच एका दांपत्याने आयुष्यभर जमवलेला संग्रह शहराला दिलाय. त्या बंदुका बघताना मला आमच्या गोव्याची आठवण येत होती आणि ती उगाच नव्हती. जपानमधे बंदूक आली १५४३ मधे, तानेगाशिमा बेटावर, पोर्तुगीजांबरोबर. आणि बंदुकांच्या इतिहासाचे बरेच अभ्यासक मानतात की जपान्यांनी ज्याची नक्कल केली तो नमुना युरोपातला थेट नव्हता, गोव्यात तयार होणाऱ्या बंदुकांचा होता. पोर्तुगीजांनी १५१० मधे गोवा घेतल्यावर इथल्या शस्त्रशाळेत स्थानिक कारागिरांच्या हातून जी बंदूक घडायला लागली तिच्यात जळत्या वातीचा आकडा स्प्रिंगच्या जोरावर फट्कन खाली पडतो, जपानी बंदुकीतही तसाच. मी काचेला चिकटून दहा मिनिटं तो आकडाच बघत होतो. पंधरा-वीस हजार मैल कोणी कोणी हाताळून गेलेली कल्पना, आणि त्यातलं एक घर मांडवीच्या काठी.

केतकीचं_बन

मांडवी, हे माहीतच नव्हतं, पुढच्या वेळी नीट बघेन.

मी आईला घेऊन गेले होते फेब्रुवारीत. ज्यांना कोणाला घरच्या ज्येष्ठांना न्यायचंय त्यांच्यासाठी लिहिते. बूट दारात काढून पिशवीत घालून हातात धरायचे, आणि आत लाकूड इतकं गार की मोज्यातून कळ येते, जाड मोज्यांची जोडी सोबत न्याच. बाहेरून पाच मजले दिसतात पण आत सहा आहेत. तिसऱ्याला खिडकीच नाही, तो छपराच्या पोटात लपलाय, बाहेरून पत्ताच लागत नाही, आत धान्य दारूगोळा ठेवायचे म्हणतात. जिने म्हणजे जिने नाहीत, शिड्या आहेत. चौथ्यावरून पाचव्याला जाणारा सगळ्यात कठीण, ६१ अंशांचा, एकेक पायरी गुडघ्याला लागेल एवढी, काही ४० सेंटीमीटरच्या. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच दांडीला धरून.

आई म्हणाली मी खालीच थांबते तू जाऊन ये. मी वर जाऊन आले, सहाव्या मजल्यावरून चारी बाजूंचे डोंगर बघितले, परत आले तर आई पहिल्या मजल्यावरच एका खांबासमोर उभी होती. हात लावला नव्हता, पण नाक टेकेल इतकी जवळ. माझे आजोबा सुतार होते. म्हणाली, हे बघ, हे रंध्याने नाही केलेलं, हे वाकसाने तासलंय. खरंच त्या खांबांवर ओळीने लहान लहान खोलगट घाव आहेत, माशाच्या खवल्यांसारखे, आणि प्रत्येक घाव जिथे सुरू होतो तिथे किंचित खोल. आई म्हणाली डावीकडून उजवीकडे गेलाय, दमला की घाव लांब होतो, हा इथे बघ लांब झालाय. ती बरोबर की चूक मला कळायचा मार्ग नाही, पण मला सहाव्या मजल्यावरून जे दिसलं त्यापेक्षा ते जास्त लक्षात राहिलंय.

आडवाट

केतकी ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी त्याच खांबांवरून दोनदा गेलोय आणि मला हे दिसलं नव्हतं.

सह्यमेघ

आजोबांच्या वाकसाची गोष्ट फार भारी. मला मात्र सारखा शनिवारवाडा आठवतोय. १८२८ ची आग, वरचं सगळं लाकूडकाम गेलं आणि आपल्या हाती जोतं आणि तट उरला. मग हा लाकडाचा मनोरा एवढी वर्षं राहिला कसा? आणि तो वाकडा झाला होता, कुठल्या तरी शेतकऱ्याच्या शापाने, असं कुठेतरी वाचलंय, ते काय आहे?

आडवाट

आग इथेही लागली. १७२७ मधे मनोऱ्याच्या पायाशी असलेला राजवाडा जळून गेला, मनोरा वाचला. सहाव्या मजल्यावर मान वर करून बघितलं तर आढ्याच्या तुळयांत एक लहानसं देवघर आहे. १६१८ मधे पौष-माघाच्या थंडीत म्हणता येईल अशा एका रात्री, महिन्याच्या २६ व्या रात्री, पहाऱ्यावरच्या एका तरुण शिपायाला देवी दिसली, तिने सांगितलं दर २६ व्या रात्री भात शिजवून मला नैवेद्य दाखवा, मी किल्ला राखीन. लोक म्हणतात तिनेच मनोरा वाचवला. मला ही गोष्ट आवडते, तिच्यात पहाऱ्यावरचा साधा माणूस आहे, सरदार नाही.

आता शाप. ही गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण तिच्यातला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे.

१६८६ मधे मात्सुमोतोवर मिझुनो घराण्याचं राज्य होतं. शेतसारा पोत्यामागे ३ तो होता, एक तो म्हणजे साधारण १८ लिटर, आजूबाजूच्या मुलखात अडीच तो घ्यायचे. पीक बुडालेलं, आणि त्यात कारभाऱ्यांनी सारा वाढवून साडेतीनच्या घरात नेला. नाकागाया गावचा तादा कासुके, पूर्वी गावचा मुखिया होता, त्याने आणि काही साथीदारांनी अर्ज लिहिला की आमच्याकडूनही अडीचच घ्या. ही बातमी पसरली आणि हजारो शेतकरी किल्ल्याभोवती जमले. अधिकाऱ्यांनी मान्य केलं, लिहून दिलं, लोक घरी गेले. मग दिलेले कागद परत काढून घेतले आणि धरपकड सुरू केली. २८ जणांना मारलं, त्यातल्या आठांना खांबाला बांधून भाल्यांनी. कासुकेचे मुलगे मारले. ओशुन नावाची सोळा वर्षांची मुलगी होती, निरोप पोचवायचं काम करायची, तिलाही मारलं.

सांगतात की खांबावर बांधलेल्या कासुकेने किल्ल्याकडे नजर लावून शेवटपर्यंत एकच ओरडा केला, दोन तो पाच शो, दोन तो पाच शो. दहा शो म्हणजे एक तो, म्हणजे अडीच तो. आणि त्याच्या नजरेने मनोरा कलला.

कलला होता हे खरं, मेइजी काळातला (१८६८ ते १९१२) फोटो आहे, बघून पोटात गोळा येतो इतका तो एका बाजूला झुकलाय. पण कारण जमिनीत होतं. मनोऱ्याचं वजन सुमारे हजार टन, खाली खोऱ्याची मऊ माती, म्हणून दगडी जोत्याच्या आत १६ मोठे लाकडी खांब उभे करून त्यांच्यावर भार घेतला होता. ते खांब मातीत कुजले. शापाची गोष्टही बहुतेक मनोरा कललेला दिसायला लागल्यानंतर, मेइजी काळातच जुळली असं मानतात. मला त्यात काही कमी वाटत नाही. दोनशे वर्षांनी किल्ला वाकडा झाला आणि गावातल्या लोकांना पहिला आठवला तो कासुके, म्हणजे दोनशे वर्षं घराघरात त्याचं नाव राहिलं होतं. आज त्याच्या गावी त्या सगळ्यांचं स्मारक आणि संग्रहालय आहे. मी मात्सुमोतोहून लोकल गाडीने तिथेही गेलो होतो, वाटेवर भाताची खाचरं आणि शेवटी तीच डोंगररांग, किल्ल्याच्या सहाव्या मजल्यावरून दिसते ती, पण शेताच्या बाजूने.

शिशिर_नागोया

छान लिहिताय. मी नागोयाला असतो, मात्सुमोतोला दोन तासांत पोचतो, सहा-सात वेळा झालं असेल. तुम्ही मूळ गोष्टीकडे आलाच नाहीत अजून, इचिकावा ऱ्योझो!

आडवाट

येणारच होतो, पण तुम्हीच लिहा. तुम्हाला जास्त माहीत असणार.

शिशिर_नागोया

लिहितो. सरंजामशाही संपली तेव्हा किल्ल्यांना काही किंमत राहिली नाही. नव्या सरकारला ते जुन्या राजवटीचे अवशेष वाटायचे आणि पैशाची गरज होती, देशभर किल्ले मोडीत निघाले. १८७२ मधे मात्सुमोतोचा मनोरा लिलावात गेला, २३५ ऱ्यो (जुनं सोन्याचं नाणं) आणि वर काही चिल्लर. घेणाऱ्याला किल्ला नको होता, लाकूड आणि लोखंड हवं होतं.

इचिकावा ऱ्योझो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. गावच्या एका पेठेचा मुखिया, त्या भागातलं पहिलं वर्तमानपत्र काढणाऱ्यांपैकी एक. सरदार नाही सामुराई नाही, पैसेवालाही नव्हता फारसा. त्याने प्रांताच्या कचेरीत अर्ज केला की मनोरा लगेच पाडू नका, मुदत द्या, आम्ही इथे प्रदर्शन भरवतो. आणि १८७३ मधे खरंच मनोऱ्यातच प्रदर्शन भरवलं. त्या गावच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तो मनोरा खंदकापलीकडून बघितला होता, आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि आता तिकीट काढून कोणीही सहाव्या मजल्यापर्यंत. लोटली गर्दी. पाच वेळा प्रदर्शनं झाली आणि त्या पैशातून मनोरा परत विकत घेतला. इचिकावा १८८५ मधे चाळिशीतच गेला.

मग पुन्हा हाल. कोणी बघायला नाही, भिंतींचा चुना पडला, आणि तो कललेला. तिथल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी, त्यांची शाळा किल्ल्याच्या आवारातच, रोज डोळ्यासमोर ती अवस्था. १९०१ मधे त्यांनी मनोरा जपायला मंडळ काढलं, वर्गण्या गोळा केल्या, १९०३ ते १९१३ दहा वर्षं दुरुस्ती चालली. ती झाली नसती तर पुढचं काही झालंच नसतं. १९५० ते ५५ मधे सरकारने अख्खा मनोरा सोडवून, एकेक तुळई उतरवून, पुन्हा जोडला, तेव्हा ते कुजलेले १६ खांब जाऊन काँक्रीटचा पाया आला. किल्ल्याच्या आवारात इचिकावा आणि कोबायाशी दोघांच्या चेहऱ्यांची शिळा आहे, लोक घाईत पुढे जातात, थांबून बघा.

आणि युद्धाचंही ध्यानात घ्या. दुसऱ्या महायुद्धाआधी असे मूळ मनोरे २० होते. १९४५ च्या बाँबहल्ल्यांत सात गेले, त्यात हिरोशिमा, आणि माझ्या शहराचा नागोया. १९४९ मधे मात्सुमाएचा आगीत गेला. मी रोज ऑफिसला जाताना नागोयाचा काँक्रीटचा मनोरा लांबून बघतो, म्हणून मात्सुमोतोला गेलो की मला आत गेल्यावर पहिल्यांदा वास घ्यावासा वाटतो.

केतकीचं_बन

शिशिर, वाचताना अंगावर काटा आला. २८ वर्षांचा मुलगा.

एक विचारायचं राहिलं. मनोऱ्याला लागून एक लाल कठड्याची मोकळी खोली आहे, बाकी किल्ल्याशी मेळच नाही तिचा. आईला ती फार आवडली. ती काय आहे?

आडवाट

ती त्सुकिमी यागुरा, चंद्र बघायची माडी. बाकीचा मनोरा युद्ध डोळ्यासमोर ठेवून बांधला, ही ४० वर्षांनंतरची, युद्धं थांबल्यावरची. इएयासुचा नातू मात्सुदाइरा नाओमासा १६३३ मधे इथे आला. शोगुन इएमित्सु झेनकोजीच्या देवळाला जाताना इथे मुक्काम करणार म्हणून त्याने ही माडी बांधली. तिन्ही बाजूंची दारं काढली की पूर्ण उघडी, छत होडीच्या पोटासारखं गोलसर, भोवती लाल लाखेचा कठडा. जंगी नाही, झडप नाही. शोगुन काही आलाच नाही, बेत रद्द झाला. पण एकाच जोत्यावर बंदुकीच्या जंग्या आणि दहा पावलांवर चंद्र बघायची जागा, हे मी दुसरीकडे पाहिलं नाही. मला किल्ल्यातली सगळ्यात आवडती जागा हीच. तुमच्या आईंची नजर खरंच चांगली आहे.

सह्यमेघ

ठरलं. पुढच्या वर्षी जातो. कुठला महिना?

शिशिर_नागोया

बहुतेक लोक एप्रिल सांगतील, चेरीचा बहर, खंदकाच्या कडेने. सुंदरच असतं. पण माझं ऐकशील तर सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा लाख लावायचं काम चालतं. मनोऱ्याला उरुशी लावलेला हा एकच उरलाय, आणि उन्हाने उरुशीची झळाळी जाते, म्हणून दरवर्षी नव्याने, चुकवत नाहीत. बांबूएवढ्या बारीक पाइपांची परांची बांधलेली असते, लाखेचे कारागीर फळी घासून साफ करतात आणि रुंद सपाट कुंचल्याने पातळ हात मारतात. उरुशीची गंमत अशी की ती सुकायला कोरडी हवा चालत नाही, दमट लागते, म्हणून पावसाळी शरद त्यांना सोयीचा.

मागच्या वेळी मी खंदकाच्या अलीकडून बघत होतो. परांचीवर एक म्हातारे कारागीर आणि शेजारी विशीतली मुलगी. म्हातारे एक फळी करायचे, मग ती पुढची करायची, मग ते तिच्या फळीकडे तिरकं बघून प्रकाश कसा पडतोय ते पाहायचे. एका फळीवर त्यांनी बोटाने काहीतरी दाखवलं. तिने कुंचला कडेला टेकवून निथळवला आणि तीच फळी वरपासून परत एकदा केली.

सह्यमेघ

ऑक्टोबर. तिकिटं बघतो आज रात्री. केतकी ताई, जाड मोजे लिहून ठेवलेत.